एका हाकेची माणसं

आईला फोन करायचा असेल तर तीन रिंगा होईपर्यंत कापायचा नाही, हे मी लग्नानंतर नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. ती घरातच असते, फोन बऱ्याचदा हातातच असतो, कानही चांगले शाबूत आहेत. पण आमच्या गावात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत आणि दुसरीलाही देत नाहीत. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारेल. एकदा हाक मारून जो थांबतो तो माणूस नव्हे. दाराबाहेरून कुणी एकदाच नाव घेतलं की आमच्याकडे घरातली सगळी जागच्या जागी थांबतात, हातातला घास हातातच राहतो. मग पुन्हा हाक येते, आणखी एकदा येते, आणि कुणीतरी "ओ" म्हणून उठतं. नवरा नाशिकचा. हे ऐकून तो इतका हसला की मला राग आला, आणि राग आला म्हणून मी गावाची बाजू घेतली. एरवी मी स्वतः त्या रिवाजाला कधी जुमानलं नव्हतं.

जुमानून चाललंही नसतं. मी कुवेतला तेलशुद्धीकरणाच्या एका कारखान्यात अलार्मचं काम पाहते. कुठल्या टाकीतला दाब किती वाढला की कंट्रोल रूममध्ये घंटी वाजली पाहिजे, कुठली घंटी उगाच वाजते, कुठली वाजायला हवी तेव्हा गप्प बसते, हे ठरवण्यात माझे दिवस जातात. घंटी वाजली की पॅनलवरच्या माणसाने बटण दाबून ती ऐकल्याचं कबूल करायचं असतं. पहिल्याच वेळी. दुसऱ्यांदा वाजेल म्हणून वाट बघत बसलात तर मग घरी सांगायला कुणी उरत नाही. नव्या पोरांना मी हे शिकवते, आणि शिकवताना कधीकधी मला आईचं तोंड आठवून हसू येतं.

आईबाबा गेल्या थंडीत माझ्याकडे व्हिजिटवर आले. आम्ही फहाहीलला राहतो, बाल्कनीतून समुद्र दिसतो, दक्षिणेला कारखान्यांच्या ज्योती दिसतात. आईने आल्या आल्या मासळीबाजार गाठला. कुवेतचं पापलेट हातात घेऊन तिने त्याचा गलफडा उघडून बघितला आणि बंगाली मासेवाल्याला मालवणीत झाडलं. तो बंगालीत बोलला. दोघांचं बरोबर जमलं. माझ्या मुलीवर तर ती जामच खूष होती. मुलगी दिवसभर कानात हेडफोन घालून बसलेली असायची, त्यामुळे आजीच्या पहिल्या दोन हाका तिला ऐकूच यायच्या नाहीत. तिसरीला ती "व्हॉट, आजी?" म्हणायची. "परदेशात वाढली तरी वळण आसा हां पोराक," असं आई मला कौतुकाने सांगायची, आणि मी खरं काय ते सांगितलं नाही.

बाबा आमच्या गावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळा जन्म त्यांचा त्या खिडकीमागे भोंग्यासमोर गेला. प्रत्येक गाडी ते तीनदा पुकारायचे, आणि तिसऱ्यांदा पुकारताना आवाज असा काही लांबवायचे की पुलापलीकडच्या गोव्याच्या माणसांनाही कळायचं, सावंतवाडी सुटली. रिटायर झाल्यावर हा आवाज घरात आला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आईला बोलवायचं असलं तरी "अगो… अगो… अगो गोऽऽ" असं तीनदा पूर्ण स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने व्हायचं. कधी लहर लागली की मुद्दाम एकदाच हाक मारून गप्प बसायचे. आई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून दगडासारखी उभी राहायची. मग बाबा हळूच दारातून डोकावून हसायचे, आणि आई लाटणं उगारून म्हणायची, "एक दिवस खराच भूत होऊन हाक मारशात, तेव्हा कळात." अशी त्यांची थट्टा माझ्या लहानपणापासून चालत आलेली होती.

संध्याकाळी आम्ही चौघं समुद्रावर फिरायला जायचो. पहिल्या दिवशी बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

"ह्या पाण्याक पैलाडच नाय गो," ते म्हणाले. पैलाड म्हणजे पलीकडचा काठ. "मगे हयसर भुता खयसून येतली?"

मी म्हटलं, पलीकडे इराण आहे. पण तो दिसत नाही, तेव्हा तो त्यांनी हिशेबात धरला नाही. नवऱ्याने त्यांना सांगितलं की ह्या देशाला नदी नाही, पूर्वी गोडं पाणीसुद्धा उत्तरेकडच्या नदीतून जहाजं भरभरून आणत. बाबांना ते फार आवडलं. "म्हणजे नदीच होडयेत घालून हाडीत म्हण," असं म्हणत ते घरापर्यंत हसत आले. त्यांच्या लेखी ज्या ठिकाणी नदी नाही तिथल्या माणसाला आपण कुठल्या बाजूचे आहोत हे कळायची काही सोयच नव्हती.

आमच्या गावाला ती सोय फार आहे. आमचं गाव मुळात गाव नव्हतंच, ती एक तर होती. तर म्हणजे होडीने नदी उतरायची जागा. डोंगरातून येणारी नदी समुद्राला मिळायच्या आधी एका वळणावर अरुंद होते. अलीकडे संस्थानचा मुलूख, पलीकडे फिरंग्यांचा, गोव्याच्या पोर्तुगीजांचा. त्या वळणावर कधीतरी एका तारीने, म्हणजे होडीवाल्याने, झोपडी बांधली. ते आमचं पहिलं घर. ओटी नाही, तुळस नाही, एक झोपडी आणि एक होडी. पैलाडच्या काठावर एक मोठा काळा धोंडा होता. ज्याला अलीकडे यायचं असेल त्याने त्या धोंड्यावर उभं राहून हाक मारायची आणि तारीने होडी घेऊन जायचं. मग मिठाचा व्यापारी आला, कारण मीठ दोन मुलखांत दोन वेगळ्या दरांनी विकलं जायचं. मग संस्थानने नाका बसवला, कारण व्यापारी आला होता. नाक्यावरच्या शिपायांसाठी माडाची सुर, म्हणजे माडी, काढणारे आले. कासार आला, न्हावी आला. आणि पैलाड देवळं मोडली जात होती त्या काळात माणसं आली, देव पोत्यात घालून, पोतं डोक्यावर घेऊन. आमच्या ग्रामदेवाचं तोंड आजही नदीकडे आहे. त्याच्या जुन्या घराकडे बघत बसलेला देव आहे तो. लहानपणी मला तो उदास वाटायचा, आणि अजूनही वाटतो.

हे सगळं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर. पहिल्या तारीच्या बायकोची ती गोष्ट. एकदा पैलाडहून हाक आली, एकच. तारी घरात नव्हता. बायको म्हणाली "ओ", होडी लोटली आणि निघाली. होडी दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी रिकामी सापडली, बायको सापडली नाही. तेव्हापासून आमच्याकडे एका हाकेला ओ नाही. आणि वर्षातून एकदा, ठरलेल्या अवसेच्या संध्याकाळी, तारीच्या घराण्यातला कुणीतरी मोठा पुरुष भाताचं पान पाण्यात सोडतो आणि नदीकडे तोंड करून मोठ्याने "ओ" म्हणतो. तेवढ्यावर पैलाडहून एकदाच हाक मारणारी ती भुतं वर्षभर शांत राहतात. ते तारीचं घराणं म्हणजे माझ्या आईचं माहेर. तिचे वडील हा ओ द्यायचे, नंतर भाऊ द्यायला लागला. आईला ह्या गोष्टीचा अभिमान होता आणि भीतीही होती, आणि दोन्ही ती कधी लपवत नसे.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते त्यांनी मला फहाहीलच्या बाल्कनीत बसून सांगितलं, एका दुपारी, आई आत जरा आडवी झाली होती तेव्हा. मला वाटतं इतकी वर्षं गावात राहून ते त्यांना मोकळेपणी बोलता आलं नसावं.

गोष्ट सुरू झाली एसटी स्टँडवरून. एकदा एक बाई खिडकीशी आली, कडेवर मूल, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. बेळगावची गाडी कुठली, असं तिने अगदी हळू विचारलं. बाबा त्याच वेळी भोंग्यात दुसरी गाडी पुकारत होते. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली, तीनदा पुकारून झालं आणि वळून बघितलं तर ती नव्हती. थोड्या वेळाने दोन माणसं तिला शोधत आली. बाबांनी त्यांना खरं ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण नंतर ते त्या बाईचा विचार करत राहिले. तिने पुन्हा का विचारलं नाही? कारण पुन्हा विचारायला आवाज चढवावा लागला असता.

"घाबरलेलो माणूस एकदाच इचारता," बाबा मला म्हणाले. "पैलाडच्या धोंड्यार उभो रवान जो तीनदा हाक मारी, तो मिठाचो व्यापारी. तेच्या मागे कोण नसायचो. जेच्या मागे फिरंग्याचे शिपाय, तो एकदाच हाक मारतलो. दुसरी मारलीन तर शिपाय आयकतले." त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "ती मेलेली माणसा नाय होती गो बाय. त्येंका दुसरी हाक मारूक गावली नाय, इतक्याच."

मी विचारलं, मग तारीची बायको?

"ती गेली. गावात ती एकटीच गेली. बाकीच्यांनी ठरवल्यानी, एका हाकेची सगळी भुता. भुतांका हाडूक जावचा लागना नाय."

मला ते ऐकून थंडी वाजल्यासारखं झालं, आणि मी थंडी वाजणारी बाई नाही. लहानपणापासून मी त्या नदीकाठी खेळले होते. संध्याकाळी पाण्यावरून कधी काही आवाज आला की आम्ही मुलं किंचाळून घराकडे पळायचो, आणि आमचं ते पळणं मोठ्यांना गोड वाटायचं. आता मला तो धोंडा डोळ्यांसमोर दिसायला लागला. त्यावर मूल कडेवर घेतलेली बाई, डोक्यावर पोतं घेतलेला म्हातारा. एकदा हाक मारून अलीकडे बघत उभे. अलीकडे घरं आहेत, घरांत चुली पेटलेल्या आहेत, चुलीपाशी माणसं हातातला घास हातात धरून गप्प बसली आहेत. मी बाबांना म्हटलं, हे नको सांगायला होतं तुम्ही.

आणि नेमकी आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पण तिला काही नवं नव्हतं, त्यांचा हा वाद लग्नापासूनचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"परदेशात येऊन सुद्धा तुमचा ताच," ती म्हणाली. "माज्या म्हायेरच्यांका खुनी ठरवतास? मगे दर वर्साक अवसेक आमी ओ देतो तो कित्याक?"

"तोच तर म्हणतंय मी," बाबा म्हणाले. "भुताक ओ देव नको म्हणतास, मगे वर्सातून एकदा कोणाक देतास? ती माफी आसा गो."

आई रडली नाही. तिने बाल्कनीचं दार सरकवून बंद केलं आणि दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी तीनदा हाक मारली आणि तिने तिसरीला ओ दिला, तेव्हा ते प्रकरण मिटलं असं मी धरून चालले.

त्यानंतर आठवडा झाला असेल, बाबा सकाळी आंघोळ करून बाहेर आले आणि पंचा हातातून खाली पडला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटल, तपासण्या, सगळं वेळेत झालं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना सगळं कळतं, शब्द काही सापडत नाहीत, सापडतील हळूहळू, एवढ्यात विमानाने न्यायचं नाव काढू नका. व्हिजिटची मुदत वाढवून घेतली. बाबांची कॉट आम्ही हॉलमध्ये बाल्कनीजवळ लावली.

एक शब्द त्यांना सापडला. "गो." सगळं अंग गोळा करून, मान ताठ करून ते तो बाहेर काढायचे, आणि त्यात त्यांचा श्वास संपून जायचा. मग बराच वेळ नुसते धापा टाकत पडून राहायचे. दुसऱ्यांदा म्हणता यायचं नाही.

आणि आई ओ देत नव्हती.

पहिले काही दिवस हे माझ्या लक्षातच आलं नाही, कारण ती त्यांच्यापासून हलत नव्हती. भरवायची, पुसायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, माझ्या हातून काही करून घ्यायची नाही. पण बाबांनी "गो" म्हटलं की ती होती तिथे थांबायची. वाट बघायची. पुढची हाक येत नाही असं दिसलं की काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जायची. "पाणी देवचा ऱ्हवला," असं स्वतःशीच म्हणायची. जायची नक्की, पण ओ म्हणून जायची नाही. बाबांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागलेले असायचे. पाणी ते पीत, पण बघत राहत.

मी तिच्यावर ओरडले. ह्याची मला लाज वाटत नाही, मी तेव्हाही ओरडले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओरडेन. म्हटलं, तो माणूस जिवंत आहे, तुझा नवरा आहे, एका शब्दासाठी जीव टाकतोय, आणि तू त्या मेल्या नदीचं काय घेऊन बसलीस? इथे नदी नाहीये! आई पोळी लाटत होती. ती म्हणाली, "एका हाकेक ओ दिलंय, तर मी त्येंका मेल्यात धरलंय आसा होतला. तुका कळाचा नाय."

आणि तिथे मी अडले. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती घाबरते, किंवा तिला तो वाद हरायचा नाही. पण तिचं गणित उलटं होतं. तिच्या गावात तीन हाका मारणारा जिवंत. ती दुसऱ्या हाकेची वाट बघत होती, कारण दुसरी हाक आली असती तर बाबा अलीकडचे ठरले असते.

मग मीच ओ द्यायला लागले. बाबा "गो" म्हणाले की मी कुठूनही "ओ बाबा" म्हणून धावत जायची. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. मला ते फार लागलं. पुढे मी ओ द्यायचं सोडून दिलं.

जानेवारीत धुकं आलं. इथे थंडीत कधीकधी असं धुकं येतं की बाल्कनीच्या कठड्यापुढे काही दिसत नाही. समुद्र नाही, रस्ता नाही, कारखान्यांच्या ज्योतींचा नुसता तांबूस उजेड कुठल्या दिशेने येतोय तेही कळत नाही. आणि त्या धुक्यात जहाजं भोंगा वाजवतात. एकच लांब भोंगा, मग किती तरी वेळ काही नाही. आई दचकून उठायची. दारंखिडक्या लावायची, दाराच्या फटीत टॉवेल कोंबायची. तिला सांगितलं, जहाज आहे, दुसऱ्या जहाजाला सांगतंय की मी इथे आहे. ती म्हणाली, "मगे दुसरा ओ कित्याक देना नाय?" मी उठून चहा ठेवला.

धुक्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी हाक मारली. आई ओट्याशी उभी राहून खोबरं खवत होती, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. "गो." आईचा हात थांबला. नेहमीसारखी ती थांबली, आणि मग तिने हात पदराला पुसले आणि ती बाहेर आली. कॉटपाशी जमिनीवर बसली. बाबांचा डावा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"अजून एकदा हाक मारा हो," ती म्हणाली. "एकदाच मारा. मी लगेच ओ देतंय. तिसरे हाकेक थांबनय नाय. दोन चलतत. तुमी फक्त अजून एकदा मारा."

बाबांनी प्रयत्न केला. मी बघत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ गोल झाले, त्यांनी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही. पुन्हा केला. जन्मभर ज्याने गाड्या तीनतीनदा पुकारल्या त्या माणसाला दुसऱ्यांदा हाक मारता आली नाही. आई तिथेच बसून राहिली, हात हातात धरून, तोंड घट्ट मिटून. मला तिचं ते तोंड उघडावंसं वाटत होतं. मी खुर्चीवरून उठले नाही.

दोन दिवसांनी सकाळी बाबा गेले. झोपेत गेले, हाक न मारता.

परदेशात माणूस मेला की लगेच रडताही येत नाही. हॉस्पिटलचा कागद, दूतावासाचा कागद, विमान कंपनीचा कागद. नवरा ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत होता, आणि बाबा शवागारात होते. त्यांना गावी नेऊन नदीकाठी अग्नी द्यायचा हे आईने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. दूतावासातून निरोप येत होता, उद्या होईल. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे आले. धुकं विरायचं आणि पुन्हा यायचं. घरात कॉट तशीच होती, आईने तिच्यावर धुतलेली चादर घातली होती.

अशाच एका दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये बाबांचे कपडे घड्या करत होतो. गावी काय न्यायचं, इथल्या कामगारांना काय द्यायचं, ते वेगळं काढत होतो. मुलगी शाळेत होती. बाल्कनीचं दार बंद होतं, टॉवेल फटीत होता.

हाक आली. "गो."

तो जहाजाचा भोंगा होता असं मी नवऱ्याला नंतर सांगितलं. भोंगा असेलही, बाहेर धुकं होतंच. अलार्मचे आवाज वेगवेगळे ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तो आवाज मी ओळखला होता, एवढंच मी इथे लिहिते. आईच्या हातात बाबांचा पांढरा सदरा होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"ओ," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "इलंय." आणि ती उठली.

मी तिचा दंड धरला. इतका घट्ट की नंतर तिथे वळ दिसत होते. "आई, नको," मी म्हटलं. "ओ देव नको. एकच हाक होती. आई, ओ देव नको!" कित्येक वर्षांत माझ्या तोंडून मालवणी बाहेर पडली नव्हती, ती पडली. गावात लहानपणी नदीकडून किंचाळत पळणारी मी, तीच मी तिथे उभी होते. तिला ओ दे म्हणून मीच ओरडले होते, आणि आता ती निघाली तर मला तिला धरून ठेवायचं होतं.

आईने माझा हात हळूच सोडवला. तिला राग आला नव्हता.

"ते पैलाड उभे आसत गो," ती म्हणाली. "किती येळ उभे रवतले?"

तिने फटीतला टॉवेल काढला, बाल्कनीचं दार उघडलं आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. धुकं आत आलं. मी दारात उभी राहून तिच्या पाठीवरून नजर हलवली नाही. काही झालं नाही. बऱ्याच वेळाने ती आत आली, पदराने तोंड पुसलं, आणि सदऱ्याची राहिलेली घडी पुरी करून तो गावी न्यायच्या ढिगावर ठेवला.

बाबांना आम्ही गावी नेलं. नदीकाठी सगळं झालं. अवसेला मामाने भाताचं पान सोडून ओ दिला तेव्हा आई पहिल्यांदाच त्याच्या शेजारी पाण्यात उभी होती, असं मामीने मला फोनवर सांगितलं. गावात त्यावर थोडी कुजबुज झाली म्हणे. मी तिला कुवेतला परत यायचा आग्रह केला. ती म्हणाली, तिकडे पैलाड दिसत नाही.

मी रोज कामावरून आल्यावर तिला फोन करते. आता तीन रिंगा थांबावं लागत नाही. पहिली रिंग पुरी व्हायच्या आतच ती उचलते, आणि हॅलो न म्हणता, धावत आल्यासारखी, "ओ" म्हणते.

मी म्हणते, "आई, मी."

"तू काय," ती म्हणते, आणि मग मला विचारते, जेवलंस काय गो.